करुणा शिकता येते का? बुद्धघोष, पसायदान, कान्हेरी आणि अण्णाभाऊंची एक गोष्ट

मुंबईत राहणाऱ्याला दुःख शोधायला कुठं जावं लागत नाही. परळला हॉस्पिटलांच्या बाहेर फुटपाथवर गावाकडून आलेल्या पेशंटचे नातेवाईक चटया टाकून झोपलेले असतात, सिग्नलला कडेवर बाळ घेतलेली बाई रिक्षापाशी येऊन हात पुढे करते, ट्रेनमध्ये अंध माणूस गात गात डब्यातून पुढे सरकतो, आणि आपण मोबाईलमध्ये बघत राहतो. मग कधीतरी रात्री वाटतं, आपलं मन मेलंय की काय. माझ्या ओळखीत असं बोलणाऱ्या बऱ्याच जणी आहेत, कुणी नर्स आहे, कुणी शाळेत शिकवते, कुणी घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं सगळं करते, आणि ह्यातली एकही मुळात कोरड्या मनाची नाही. त्या दमल्यात. आणि ह्या दमण्याचा विचार लोकांनी दीड हजार वर्षांपूर्वी इतका बारकाईने करून ठेवलाय की तो वाचला की वाटतं हे आपल्याला शाळेतच का नाही कुणी सांगितलं.

आपण करुणेला स्वभाव समजतो. ती हळवी आहे, तो कठोर आहे, संपलं. बौद्ध, योग आणि संत ह्या तिन्ही परंपरा असं मानत नाहीत. त्यांच्या मते करुणा गळ्यासारखी आहे, थोडी जन्मतः मिळते पण रियाजाशिवाय बसत नाही, आणि चुकीचा रियाज केला तर बिघडतेसुद्धा. रियाजाचे दोन रस्ते आपल्याकडे आहेत, एक ध्यानाचा आणि एक गोष्टींचा, म्हणजे काव्य, नाटक, कथा ह्यांचा. हे दोन रस्ते सहसा वेगवेगळे शिकवले जातात, पण मला ते एकाच ठिकाणी पोचतात असं दिसतं, आणि तेच आज सांगायचंय.

सुरुवात बुद्धघोषांपासून करू. पाचव्या शतकात श्रीलंकेत अनुराधपूरला राहून त्यांनी पाली भाषेत विसुद्धिमग्ग नावाचा ग्रंथ लिहिला. ध्यान कसं करायचं ह्याचं जवळजवळ हँडबुकच आहे ते. आपल्यासाठी विशेष म्हणजे त्याची एक देवनागरी आवृत्ती आपल्या धर्मानंद कोसंबींनी तयार केली आणि ती १९४० साली मुंबईतूनच, भारतीय विद्या भवनाने छापली. ह्या ग्रंथाच्या नवव्या प्रकरणात चार ब्रह्मविहार, म्हणजे मनाच्या चार उत्तम अवस्था येतात: मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा. मैत्री म्हणजे समोरच्याचं भलं व्हावं ही इच्छा, करुणा म्हणजे त्याचं दुःख दूर व्हावं ही इच्छा, मुदिता म्हणजे त्याच्या सुखात आपल्याला आनंद होणं, आणि उपेक्षा म्हणजे सगळ्यांकडे समान, शांत मनाने बघता येणं. रोजच्या मराठीत उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष, तो अर्थ इथे बाजूला ठेवायचा.

आता खरी गंमत पुढे आहे. बुद्धघोष प्रत्येक ब्रह्मविहाराचे दोन शत्रू सांगतात, एक लांबचा आणि एक जवळचा. करुणेचा लांबचा शत्रू क्रूरपणा, हे कुणालाही कळेल. क्रूरपणा समोरून येतो, तो ओळखू येतो. जवळचा शत्रू मात्र घरात शिरून करुणेचेच कपडे घालून बसतो, आणि तो आहे शोक. म्हणजे दुसऱ्याचं दुःख बघून आपणच खचणं, आपलंच काहीतरी हरवल्यासारखं उदास होणं. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल किती करुणा आहे हिच्यात, बातम्या बघून रडते बिचारी, पण बुद्धघोष म्हणतात ही करुणा बिघडलेली आहे. करुणा नीट पिकली की क्रूरपणा शमतो, आणि बिघडली की तिचा शोक होतो. मैत्रीचा जवळचा शत्रू आसक्ती, आणि उपेक्षेचा जवळचा शत्रू म्हणजे अज्ञानातली बेपर्वाई, ती मोबाईलमध्ये बघत राहण्यातली.

म्हणजे बघा, दमलेली नर्स आणि मोबाईलमध्ये बघणारा प्रवासी हे दोघं एकाच वाटेवरचे आहेत असं मला वाटतं. आधी माणूस प्रत्येक दुःखाबरोबर स्वतः दुःखी होतो, मग ते झेपत नाही, मग मन आपोआप दार लावून घेतं, आणि त्या लावलेल्या दाराला आपण मन मेलं म्हणतो.

हे फक्त ग्रंथातलं बोलणं आहे असं वाटू नये म्हणून थोडं लॅबमधलं. तानिया सिंगर ह्या मेंदू-संशोधक. २००४ साली त्यांच्या टीमचा एक पेपर आला, त्यात बाईला एमआरआय मशीनमध्ये ठेवून तिच्या जोडीदाराच्या हाताला वेदना दिली, तर वेदना तिला होत नसतानाही तिच्या मेंदूतले वेदनेशी संबंधित काही भाग पेटले. म्हणजे दुसऱ्याचं दुखणं काही प्रमाणात खरोखर आपल्या आत दुखतं. पुढे त्यांनी मात्यू रिकार ह्या फ्रेंच बौद्ध भिक्षूंबरोबर काम केलं, हे गृहस्थ आधी जेनेटिक्समध्ये पीएचडी केलेले आणि नंतर भिक्षू झालेले. त्यांना मशीनमध्ये सांगितलं की अनाथाश्रमातल्या हाल होणाऱ्या मुलांचं दुःख फक्त जाणवून घ्या, करुणेची भावना मध्ये आणू नका. थोड्याच वेळात एवढा कसलेला साधक पार थकून गेला. मग करुणेचं ध्यान करायला सांगितलं, तीच मुलं, तेच हाल, पण थकवा उतरला आणि त्या मुलांना जवळ घ्यावं अशी ओढ वाटायला लागली, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. नंतर साध्या माणसांवर हेच करून बघितलं, आधी काही दिवस फक्त दुसऱ्याचं दुःख जाणवून घ्यायचं ट्रेनिंग दिलं तर लोक जास्त उदास झाले, त्यानंतर करुणेचं ट्रेनिंग दिलं तर ती उदासी खाली आली आणि चांगल्या भावना वाढल्या, मेंदूतले वेगळेच भाग कामाला लागले. सगळ्या मेंदू-संशोधनावर मी डोळे झाकून विश्वास ठेवत नाही, लहान लहान ग्रुप असतात, पण बुद्धघोषांनी जी रेघ शोक आणि करुणा ह्यांच्या मध्ये ओढली ती इथे इतकी स्वच्छ दिसते की मला ते महत्त्वाचं वाटतं.

मग हे शिकायचं कसं. विसुद्धिमग्गातली पद्धत पायऱ्यांची आहे. मैत्रीची पहिली पायरी स्वतः. मी सुखी असो, मी वैर नसलेला असो, असं आधी स्वतःबद्दल. आपल्याकडे, विशेषतः बायकांना, हे जड जातं, स्वतःचं भलं चिंतणं म्हणजे स्वार्थ असं लहानपणापासून डोक्यात बसलेलं असतं. पण कारण सरळ आहे: मला जसं सुख हवं आणि दुःख नको तसंच इतरांनाही, हे कळायला साक्षीदार म्हणून आधी मीच हाताशी आहे. दुसरी पायरी आदर वाटतो असं माणूस, गुरू, शिक्षक, आणि मग आपलं जवळचं माणूस. तिसरी पायरी तटस्थ, ज्याच्याबद्दल प्रेमही नाही आणि रागही नाही. चौथी पायरी शत्रू. आणि मेलेल्या माणसाची निवड कधीच करू नये असंही स्पष्ट सांगितलंय. त्याचा एक किस्साही दिलाय, एक तरुण भिक्षू आपल्या आचार्यांवर मैत्रीध्यान करत होता आणि काही केल्या ते लागेना, शेवटी कळलं की आचार्य केव्हाच वारले होते. असले बारकावे वाचले की कळतं की हे लिहिणाऱ्यांनी खरंच बसून करून बघितलेलं होतं.

करुणेसाठी मात्र पायरी वेगळी. तिथे सुरुवात समोर उघड दिसणाऱ्या हालअपेष्टांपासून, म्हणजे एखाद्या अगदी विपन्न, उपाशी, आसरा नसलेल्या माणसापासून करायची. मनात वाक्य साधं: हा माणूस मोठ्या कष्टात पडलाय, ह्याची ह्या दुःखातून सुटका झाली तर किती बरं. इथे लक्ष सुटकेवर आहे. मन त्या दुःखाच्या चित्रावर चिकटून राहिलं तर शोक येतो, सुटकेच्या इच्छेकडे वळलं तर करुणा येते, आणि हे वळवणं हाच सगळा सराव आहे, पुन्हा पुन्हा, कंटाळा येईपर्यंत आणि कंटाळ्यानंतरही.

मैत्रीच्या चार पायऱ्यांतली मुंबईकरासाठी सगळ्यात मोलाची पायरी मला तिसरी वाटते, तटस्थ माणसाची. गावात माणूस एकतर आपला असतो नाहीतर भांडणातला असतो, मुंबईत मात्र आपल्या दिवसातली जवळजवळ सगळी माणसं तटस्थच असतात. बिल्डिंगचा रात्रपाळीचा वॉचमन, कचरा उचलायला येणारी ताई, त्याच डब्यात त्याच दाराशी रोज उभी राहणारी आणि नाव माहीत नसलेली बाई, पार्सल देऊन पळणारा मुलगा. ह्यांच्याबद्दल आपल्याला काहीच वाटत नाही, आणि हे काहीच न वाटणं इतकं सवयीचं झालंय की ते जाणवतही नाही. ध्यानात ह्यातल्या एकाला रोज समोर आणायचं. थोड्या दिवसांनी होतं काय, की खरा माणूस दिसला की मनाला तो ओळखीचा वाटतो, आपोआप मान हलते, आज सुट्टी नाही का असं तोंडून निघतं.

बुद्धघोष पुढे एक भयंकर प्रश्न विचारतात. समजा तुम्ही चौघं बसलाय: तुम्ही, तुमचा जिवलग, एक तटस्थ आणि एक शत्रू. दरोडेखोर येऊन म्हणतात, बळी द्यायला एक जण द्या. तुम्ही म्हणालात ह्याला न्या किंवा त्याला न्या, तर आपलं आणि परकं ह्यांतली भिंत अजून आहे. तुम्ही म्हणालात मला न्या, ह्यांना सोडा, तरी भिंत आहेच, कारण चौघांत एक तुम्ही वेगळा काढलात. चौघांपैकी द्यायला कुणीच दिसत नाही, तेव्हा सीमा मोडली. आपल्याकडे त्यागाचं इतकं कौतुक असतं की हा दुसरा भाग ऐकून पटकन पटत नाही, मलाही पचायला वेळ लागला, पण घरातल्या सगळ्यांचं करून स्वतः उपाशी झोपणाऱ्या बाईला हे कुणीतरी सांगायलाच हवं की करुणेच्या हिशोबात तूही एक जीव आहेस.

आठव्या शतकातले नालंदाचे बौद्ध आचार्य शांतिदेव ह्याच गोष्टीकडे वादविवादाच्या रस्त्याने येतात. आक्षेप घेणारा म्हणतो, दुसऱ्याचं दुःख मला होत नाही, मग मी ते का दूर करू? शांतिदेव उलट विचारतात, पायाचं दुखणं हाताला होत नाही, मग हात पायातला काटा काढायला का धावतो? हात आणि पाय एका शरीराचे मानतोस ते सवयीने, मग तीच सवय लांबवता का येऊ नये. ह्यावर ते परात्मपरिवर्तन नावाचा सराव देतात, म्हणजे दुसऱ्याच्या जागी जाऊन तिथून स्वतःकडे बघायचं. आणि हे करताना लागते ती शुद्ध कल्पनाशक्ती. तिबेटमध्ये ह्यातूनच श्वासाबरोबर दुसऱ्याचं दुःख आत घेणं आणि सुख बाहेर देणं असा सराव पुढे आला.

मुंबईत हे ध्यान शिकायला लांब जायची गरज नाही. सत्यनारायण गोयंका म्यानमारमधून सयाजी उ बा खिन ह्यांच्याकडे शिकून आले आणि भारतातलं त्यांचं पहिलं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर जुलै १९६९ मध्ये मुंबईतच, एका धर्मशाळेत झालं. आज गोराईला समुद्राकाठी जो मोठा सोनेरी पॅगोडा दिसतो तो त्याच परंपरेचा, २००९ साली खुला झाला. शिबिराची फी नसते, आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर ते चालतं. त्यात मैत्रीभावना शिकवतात ती दहाव्या दिवशी, आधी श्वास, मग शरीरातल्या संवेदना, आणि शेवटी मौन सुटताना मंगल मैत्री. हा क्रम नीट विचार करून ठेवलेला आहे, कारण स्वतःच्या आतली वेदना न पळता बघता आली नाही तर दुसऱ्याची कशी बघणार.

संतांकडे हे सगळं ओवी-अभंगात आहेच. फक्त एक जागा दाखवते. पसायदान आपण शाळेत म्हणून म्हणून गुळगुळीत केलंय, पण त्यातला क्रम बघा, जे खळांची व्यंकटी सांडो, तयां सत्कर्मीं रती वाढो, भूतां परस्परें जडो मैत्र जीवाचें. मागणं सुरू होताच पहिल्यांदा कोण आला? खळ. चौथी पायरी पहिल्यांदा. आणि खळ नष्ट होवोत असं नाही म्हटलेलं, त्याचा वाकडेपणा सुटो एवढंच. संन्याशाची पोरं म्हणून गावाने वाळीत टाकलेल्या भावंडांतल्या एकाने हे मागितलंय, म्हणून ते वजनदार आहे. तुकोबांचं जे का रंजले गांजले तर सगळ्यांना पाठ आहे. त्यापुढच्या दया करणें जें पुत्रासी तेचि दासा आणि दासी ह्या ओळीत मात्र जवळच्यापासून तटस्थापर्यंतचा अख्खा प्रवास आहे. आणि पतंजलींच्या योगसूत्रात पहिल्या पादात ३३ वं सूत्र तेच चार ब्रह्मविहार घेतं, सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, पुण्यवानाबद्दल मुदिता, पापी माणसाबद्दल उपेक्षा, आणि फळ काय तर तुमचंच चित्त प्रसन्न होतं.

आता कल्पनेकडे येऊ, कारण शांतिदेवांनी दार तिथेच उघडलंय. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कान्हेरीला आपण पिकनिकला जातो, माकडं बघतो, परत येतो. पुढच्या वेळी ९० नंबरच्या लेणीत जाऊन अवलोकितेश्वराचा पट बघा. अवलोकितेश्वर म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व. अशा पटांत तो मध्ये उभा असतो आणि दोन्ही बाजूंना छोट्या छोट्या चौकटींत संकटात सापडलेली माणसं कोरलेली असतात, कुणाच्या मागे हत्ती लागलाय, कुणी आगीत, कुणापुढे साप, कुणाला चोरांनी गाठलंय, कुणाची नाव बुडतेय. ही संकटं हवेतली नव्हती, सोपारा आणि कल्याणच्या व्यापाऱ्यांनी कान्हेरीला दानं दिल्याचे शिलालेख आहेत, समुद्र आणि जंगल दोन्ही त्यांच्या रोजच्या भीतीतले. ४१ नंबरच्या लेणीत हाच अवलोकितेश्वर अकरा तोंडांचा आहे, सगळ्या दिशांना बघणारा. मला ह्या पटातली एक गोष्ट फार शिकवून जाते. माणसांची संकटं वेगवेगळी कोरलीत, पण बोधिसत्त्वाचा चेहरा कुठल्याच संकटाने वाकडा झालेला नाही. करुणेचा चेहरा रडवेला असतो अशी आपली समजूत आहे, शिल्पकाराची नव्हती.

साहित्याच्या बाजूने हेच आपल्या काव्यशास्त्रात आलंय आणि ते वाचलं तेव्हा मला खरंच आनंद झाला. गोष्ट माहीत आहे, तमसेच्या काठी क्रौंच पक्ष्यांची जोडी, निषादाने नर मारला, मादी आक्रोश करू लागली, आणि वाल्मीकींच्या तोंडून पहिला श्लोक निघाला, शोकाचा श्लोक झाला. साधारण इसवी सन १००० च्या सुमारास काश्मीरमध्ये अभिनवगुप्त ह्यावर लिहिताना बजावतात की हा शोक मुनींचा स्वतःचा शोक आहे असं समजू नका. तसं असतं तर पक्ष्याच्या दुःखाने मुनीच दुःखी होऊन बसले असते आणि काव्य झालंच नसतं. हेच तर बुद्धघोष सांगत होते! एक भिक्षू ध्यानाबद्दल बोलतोय, एक शैव आचार्य कवितेबद्दल, मध्ये पाचशे वर्षं, आणि दोघांनी शोकात बुडणं आणि करुणा किंवा करुण रस ह्यात तोच फरक केलाय.

हे होतं कसं ते सांगायला काव्यशास्त्रात साधारणीकरण ही कल्पना आहे, आधी भट्टनायकांनी मांडलेली. नाटकात सीता रडते तेव्हा ते दुःख एका विशिष्ट सीतेचं राहत नाही आणि माझ्या घरच्या भानगडीतलंही होत नाही, ते माणसाचं दुःख होतं. चौदाव्या शतकातले विश्वनाथ हे एका ओळीत सांगतात: परस्य न परस्येति ममेति न ममेति च. दुसऱ्याचं, पण दुसऱ्याचंही नाही, माझं, पण माझंही नाही. माझं असतं तर मी कोसळले असते, परकं असतं तर पान उलटलं असतं. मधली ही जी जागा आहे तिथे माणूस दुःखाकडे टक लावून, पूर्ण वेळ देऊन बघू शकतो, आणि एरवीच्या आयुष्यात हेच आपल्याला जमत नसतं. शिवाय गोष्टीत कुणी आपल्याकडे हात पसरलेला नसतो, पटकन काही करायची किंवा तोंड फिरवायची घाई नसते.

उदाहरण मुंबईचंच घेऊ. अण्णाभाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगरमध्ये राहायचे. त्यांची स्मशानातील सोनं ही कथा. भीमा नावाचा धिप्पाड माणूस पोटासाठी मुंबईत येतो, उपनगरात दगडाच्या खाणीत काम करतो, खाण बंद पडते, बायको आणि लहान मुलगी घरात. राखेत एकदा सोनं हाती लागतं आणि मग तो रात्रीबेरात्री स्मशानं उकरत फिरतो, प्रेतांच्या अंगावरचं सोनं शोधत. असा माणूस पेपरातल्या बातमीत आला तर? किळस येईल आणि दुसऱ्या बातमीवर जाऊ. अण्णाभाऊ किळस झाकत नाहीत, उलट कोल्ह्यांशी झुंज, प्रेताच्या जबड्यात अडकलेली बोटं, सगळं समोर आणतात, पण त्याआधी भीमाची भूक, त्याचा हिशोब, मुलीवरची माया हे आपल्या अंगात भिनवून ठेवलेलं असतं. त्यामुळे किळस येते तेव्हाच आपण त्याच्या बाजूने श्वास रोखून बसलेलो असतो. कथा संपल्यावर त्याला चोर म्हणताना जीभ अडखळते. विसुद्धिमग्गातला अगदी विपन्न माणूस हा, फक्त इथे ध्यानाच्या आसनाऐवजी पुस्तकाचं पान आहे, आणि एका ओळीच्या विपन्न माणसाला अण्णाभाऊंनी नाव, घर आणि मुलगी दिलीय. ध्यानाला ह्या तपशिलाची फार गरज असते असं माझं मत आहे. सर्व प्राणी सुखी होवोत हे म्हणणं सोपं, कारण सर्व प्राणी आपल्या बिल्डिंगमध्ये राहत नाहीत.

कथा वाचून माणूस खरंच बदलतो का ह्यावर प्रयोगही झालेत. २०१३ साली सायन्स ह्या मासिकात एक अभ्यास आला की चांगली साहित्यिक कथा थोडा वेळ वाचली तरी दुसऱ्याच्या मनातलं ओळखायच्या टेस्टमध्ये मार्क वाढतात, त्याचा खूप गाजावाजा झाला, पण नंतर इतरांनी तोच प्रयोग करून बघितला तर तसा परिणाम मिळाला नाही. मला ह्याने वाईट वाटलं नाही. एक गोष्ट वाचून करुणा वाढावी ही अपेक्षाच चुकीची होती, एक तान घेऊन गळा तयार होतो का. आणि खूप वाचणारी माणसंही कोरडी असतात हे आपण सगळ्यांनी पाहिलंय, गोष्टीतल्या भीमासाठी डोळे भरून येतात आणि घरी कामाला येणाऱ्या मावशींनी एक दिवस जास्त सुट्टी घेतली की पगार कापतात. तिथे ध्यानाचा रस्ता उपयोगी पडतो, कारण तो भीमापाशी थांबू देत नाही, रोज तिसऱ्या पायरीवर, मावशींपर्यंत आणतो.

ध्यानाने वागणं बदलतं का ह्याचा एक प्रयोग मात्र मला आवडतो, आणि लोकलने जाणाऱ्या कुणालाही आवडेल. तोही २०१३ चाच, बोस्टनचा. काही लोकांना आठ आठवडे ध्यान शिकवलं, काहींना वेटिंग लिस्टवर ठेवलं. मग एकेकाला टेस्टच्या बहाण्याने बोलावून वेटिंग रूममध्ये बसवलं, तीन खुर्च्या, दोनवर संशोधकांचीच माणसं आधी बसलेली, तिसऱ्यावर हा. थोड्या वेळाने एक बाई कुबड्या घेऊन कण्हत येते आणि भिंतीला टेकून उभी राहते. आधीचे दोघं ढिम्म, मोबाईलमध्ये. ध्यान न शिकलेल्यांपैकी १६ टक्के लोक उठले, शिकलेल्यांपैकी ५० टक्के. ग्रुप छोटा होता, पण बाकी कुणी उठत नसताना उठणं म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे.

आणि उठण्याचा मुद्दा आला की बाबासाहेबांशिवाय पुढे जाता येत नाही. १९५७ साली, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या बुद्ध आणि त्यांचा धम्म ह्या ग्रंथात ते प्रज्ञा आणि करुणा ह्यांना बरोबरीने ठेवतात, करुणेशिवाय समाज जगूही शकत नाही आणि वाढूही शकत नाही असं म्हणतात, आणि करुणा माणसांपुरती न ठेवता मैत्री सगळ्या प्राणिमात्रांपर्यंत न्यायला सांगतात. त्यांच्या वाचनात करुणा ही डोळे मिटून वाटायची गोष्ट उरत नाही, ती समाज कसा असावा ह्याची अट होते. फुटपाथवर झोपलेल्या नातेवाइकांना मनातल्या मनात सुखी असो म्हणून पुढे जाणं पुरत नाही, त्यांना झोपायला छत का नाही हा प्रश्न प्रज्ञेचा आहे, आणि तो विचारायला लावते ती करुणा. स्वतः बुद्धांची विनयपिटकातली, म्हणजे भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथातली, एक गोष्ट आहे, एक भिक्षू अतिसाराने आपल्याच घाणीत पडलेला असतो आणि बाकीचे त्याच्याकडे बघत नाहीत, तो आमच्या काही उपयोगाचा नाही म्हणून. बुद्ध आनंदाला पाणी आणायला सांगतात, दोघं मिळून त्याला धुतात, उचलून पलंगावर ठेवतात, आणि मग संघाला म्हणतात, ज्याला माझी सेवा करायचीय त्याने आजाऱ्याची करावी. उपदेश नंतर, पाणी आधी.

सुरुवात करायची असेल तर माझ्या मते लहान ठेवा. रोज दहा मिनिटं, पहिल्या आठवड्यात फक्त स्वतः आणि एक आदराचं माणूस, मग महिनाभर तटस्थ, रोज तोच माणूस, बदलू नका. दुःखाचं चित्र मनात आलं आणि रडू फुटायला लागलं तर जबरदस्ती नको, पुन्हा स्वतःवर या, मी सुखी असो, श्वास, आणि मग परत. घरात नुकतंच कुणी गेलं असेल किंवा मनाचा आजार चालू असेल तर हे एकट्याने करू नका, शिकवणाऱ्याबरोबर करा आणि डॉक्टरांना सांगा. बरोबर आठवड्याला एक कथा, अशा माणसाची जो तुमच्या जातीचा, भाषेचा, वर्गाचा नाही, आणि वाचून झाल्यावर लगेच मोबाईल उघडायचा नाही, थोडा वेळ त्या माणसाबरोबर बसायचं.

शत्रूची पायरी शेवटी, आणि तिथे अडकणारच, ते बुद्धघोषांना पक्कं माहीत होतं. रागावर ते एकामागून एक उपाय देतात: त्याचा एखादा चांगला गुण आठवा, अगदीच काही सापडलं नाही तर त्याची कीव करा, आपल्या रागाने आपलंच काय होतंय ते बघा. सगळं करून राग जात नसेल तर शेवटचा उपाय सांगितलाय तो एकदम व्यवहारातला: त्या माणसाला काहीतरी द्या, आणि त्याने दिलं तर घ्या. एका भिक्षूला एका थेरांनी, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंनी, तीन वेळा राहत्या जागेवरून उठवलं होतं, त्याने त्याच थेरांना आपल्या आईने दिलेलं किमती भिक्षापात्र नेऊन दिलं, हे माझ्या आईने दिलंय, तिला पुण्य लाभू द्या म्हणाला. आपल्याकडे सोसायटीत पार्किंगवरून नाहीतर वरच्या लीकेजवरून वर्षानुवर्षं न बोलणारी दोन घरं असतातच. ध्यानात तो चेहरा आणून जमत नसेल तर सणाला फराळाचं ताट घेऊन त्यांची बेल वाजवायची, आणि ताट परत येताना त्यांनी त्यात काही घातलं तर नको नको न म्हणता घ्यायचं, कारण बुद्धघोषांच्या उपायात घेणंही आहे.